जाहिरात त्यांची, वसुली आपली

वस्तूवरच्या छापावरून माणसाची पत ठरवण्याविरुद्ध एक जाहीरनामा

माणसाची पत त्याच्या अंगावरच्या छापावरून ठरवणे आम्ही आजपासून बंद करत आहोत. स्वतःची आणि दुसऱ्याचीही.

आम्ही बाजारात जाणारी, घासाघीस करणारी, दिवाळीला नवे कपडे घेणारी माणसे आहोत. आमच्यात पगारदार आहेत, शिक्षक आहेत, कॉलेजातली मुले-मुली आहेत, कापडाच्या दुकानात उभे राहून दिवस काढणारे सेल्समनही आहेत. खरेदीचा आम्हाला तिटकारा नाही. चांगले कापड, मजबूत शिवण, वर्षानुवर्षे न कुरकुरणारा मिक्सर यांची आम्हाला कदर आहे. आमची तक्रार एका वेगळ्याच व्यवहाराबद्दल आहे. बुटांबरोबर, मोबाइलबरोबर, क्रीमच्या ट्यूबबरोबर आपल्याला आणखी एक गोष्ट विकली जाते आणि तिचा उल्लेख बिलावर कधीच नसतो. ‘आता मी चारचौघांत चालेन’ ही ती गोष्ट. ही खात्री विकायची, तर आधी ती गिऱ्हाइकाकडून काढून घ्यावी लागते. ज्याला आपण आहोत तसे ठीक वाटते, त्याला ती विकता येत नाही.

एवढे अनेकांनी सांगून झाले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्यापुढचे. खात्री काढून घेण्याचे हे काम कंपनीला एकटीला जमत नाही. तिची जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते. त्यानंतर दिवसभर ते काम आपण करतो: वर्गात, लग्नाच्या मांडवात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या गेटवर. कंपनी सांगते की अमुक नसेल तर तुम्ही कमी. आणि ज्याच्याकडे अमुक नसते त्याला ते जाणवून देतो आपण, तेही बिनपगारी. जाहिरात त्यांची, वसुली आपली. ही वसुली थांबवण्यासाठी ही चळवळ आहे.

१. कमीपणा कसा तयार होतो

लिस्टरीन हे औषध १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झाले, ते शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारण्यासाठी. पुढे १९२० च्या दशकात कंपनीने वैद्यकाच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात पडलेला ‘हॅलिटोसिस’ हा बोजड शब्द उचलला. तोंडाला वास येतो म्हणून जिचे लग्न जमत नाही आणि कारण तिला कोणी सांगतही नाही, अशा मुलीच्या कहाण्या मासिकांत झळकू लागल्या. औषध तेच राहिले. नवा होता तो वाचकाच्या मनात पेरलेला संशय: माझ्याबद्दलही लोक असेच बोलत असतील का? खप वाढला तो या संशयाचा. त्याआधी, १९१५ मध्ये, जिलेटने बायकांसाठी वेगळा वस्तरा आणला. बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन येत होती. तोवर ज्याकडे कोणी फारसे पाहत नव्हते, ते काखेतले केस जाहिरातींनी लाजेची गोष्ट करून टाकले.

रीत तेव्हापासून ठरलेली आहे. आधी शरीरातली, घरातली किंवा ऐपतीतली एखादी साधी गोष्ट खोट म्हणून दाखवायची. ती खोट इतरांना दिसते असे भासवायचे. मग उपाय पुढे करायचा, आणि तो कधी पुरा पडणार नाही याची काळजी घ्यायची. अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच लिहून ठेवले होते की श्रीमंतांचा बराचसा खर्च उपयोगासाठी नसतो, इतरांनी पाहावा म्हणून असतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले की स्वतःला मोजायला दुसरे माप हाताशी नसले की माणूस आजूबाजूच्यांशी स्वतःला ताडून पाहतो. हा स्वभाव जुनाच आहे. बाजाराने त्याला रोजचे इंधन पुरवले.

आपल्याकडे हे उघडपणे आले ऐंशीच्या दशकात. ओनिडा टीव्हीच्या जाहिरातीत शिंगे आणि शेपूट असलेला हिरवा सैतान होता. शेजाऱ्याने जळावे आणि मालकाने मिरवावे, हाच विक्रीचा मुद्दा होता. चित्र किती स्पष्ट दिसते, आवाज किती चांगला येतो, हे सगळे त्यापुढे दुय्यम. त्याच काळात सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजीही घरोघरी पोहोचल्या होत्या. त्याही महागडी पावडरच विकत होत्या हे खरे. पण ती बाई भाव आणि दर्जा तोलत होती, आपल्या अकलेवर तिचा भरवसा होता आणि शेजारीण काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती. पुढच्या चाळीस वर्षांत बाजाराने ललिताजींना निवृत्त केले आणि सैतानाला बढती दिली.

२. गोरेपणाचा धडा

एकच उदाहरण नीट पाहायचे तर ते गोरेपणाच्या क्रीमचे. जाहिरात आणि वसुली यांची भागीदारी इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

या मालाला आपल्याकडे गिऱ्हाईक शोधायला जावे लागले नाही. मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ ही क्रीम बाजारात आणली, तेव्हाही ‘गोरी, देखणी’ मुलगी हवी असणारी घरे होतीच. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली. ट्यूबबरोबर रंगांची एक चढती पट्टी आली आणि आपण तिच्यावर कुठे आहोत हे मुली आरशात मोजू लागल्या. जाहिरातींतली गोष्ट ठरलेली असे. सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली, काही आठवडे क्रीम लावली की मान वर, आणि मग नोकरी, नवरा, टाळ्या. एका जाहिरातीत तर मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप होता. मुलगी क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि बापाच्या डोळ्यांत भरते. मुलगी असणे आणि सावळी असणे असे दोन्ही कमीपणे एकाच ट्यूबमध्ये बंद केलेले होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने चिकाटीने तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या.

म्हणून धंदा थांबला का? २००५ मध्ये इमामीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणली. तोवर सावळेपणाची लाज मुलींपुरती होती, आता मुलांनाही तिचा वाटा मिळाला. याला समानता म्हणायचे असेल तर म्हणा. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेले दाखवू नये. मग जाहिराती ‘तेज’, ‘निखार’, ‘ग्लो’ असे बोलू लागल्या. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाची धग इथवर पोहोचली. जॉन्सन अँड जॉन्सनने गोरेपणाची काही उत्पादने विकणे थांबवले, शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली.

या पंचेचाळीस वर्षांत जाहिरातीची भाषा बदलली, नियम आले, नावही बदलले. बारशाला आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न मात्र बदलला नाही. पाळण्यात वाकून आजही विचारले जाते, ‘रंग कुणावर गेलाय?’ वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना आहेच, आणि त्यात ‘सावळा’ लिहायचे धाडस आईबाप करत नाहीत, ‘निमगोरा’ लिहितात. कंपनीने पुढच्या वर्षी ही क्रीम बंद केली तरी हा रकाना तिच्या वारसदाराची वाट पाहत बसेल. म्हणून फक्त कंपनीला धारेवर धरून आमचे भागत नाही.

३. वसुलीची ठिकाणे

शाळा. सातवी-आठवीतल्या मुलाला बुटांवरची खूण लांबून ओळखता येते, आणि ती नसलेला मुलगाही ओळखता येतो. खोटी खूण असेल तर अधिकच लवकर. ‘फर्स्ट कॉपी’ घालून आलेल्या मुलाला पकडणे हा मधल्या सुट्टीतला खेळ आहे. उल्हासनगरच्या नकली मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ शिक्क्यावर आपण पिढ्यान् पिढ्या हसलो. पण ज्याच्या बापाला खरी वस्तू परवडत नाही, त्या मुलाला नुसते साधे बूट घालून सुखाने वर्गात बसू दिले असते तर नकलेचा बाजार उभा राहिला असता का, हा प्रश्न आपण विचारला नाही.

लग्न. बस्ता बांधताना साडी कोण नेसणार, तिला कोणता रंग शोभतो, याआधी ठरते ती मानाची उतरंड: कोणाला कितीची, कोणत्या दुकानातली, कोणत्या पिशवीतून. विहिणीला दिलेल्या पैठणीची चर्चा पुढची दोन वर्षे चालते. मुलीच्या बापाने ऋण काढून सण केला हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असते, आणि जेवणात बासुंदी नव्हती हेही प्रत्येकजण घरी जाऊन सांगतो.

ऑफिस, दुकान, दवाखाना, सोसायटी. कपडे पाहून ‘सर’ म्हणायचे की ‘ए’ म्हणायचे हे ठरते. मॉलच्या दारात कोणाची पिशवी जास्त वेळ तपासली जाते ते एकदा उभे राहून पाहा. दुकानातला माणूस कपाटातून माल काढण्याआधी गिऱ्हाइकाच्या चपलांकडे नजर टाकतो. आमच्यातले सेल्समन सांगतात की हे त्यांना कोणी शिकवत नाही, आठवडाभरात आपोआप येते. आणि गिऱ्हाईक? पुढच्या वेळी त्याच दुकानात जाण्याआधी ते नवी चप्पल घेते.

मोबाइलचा पडदा. पूर्वी तुलनेला शेजारी होता, त्याच्या घरातली भांडणे भिंतीपलीकडून ऐकू यायची, म्हणून तुलनेला आपोआप आळा बसायचा. आता तुलनेला हजारो माणसे आहेत आणि त्यांच्या घरातले काहीच ऐकू येत नाही. दिसतात ते फक्त उघडलेले खोके, नवी गाडी, गाडीच्या बोनेटवर हार. कोण विकत घेऊन दाखवतो आहे आणि कोणाला दाखवण्याचे पैसे मिळाले आहेत, हे ओळखणेही कठीण झाले आहे.

४. कर्जाने घेतलेला मान

पूर्वी ऐपत नसेल तर वस्तू येत नसे आणि प्रश्न मिटत असे. आता वस्तू आधी येते, हप्ता नंतर जातो. पगाराच्या कितीतरी पट किमतीचा फोन चोवीस हप्त्यांत मिळतो. पहिल्या महिन्यात त्याचे कौतुक होते, पुढचे तेवीस महिने फक्त हप्ता असतो, आणि मध्येच नवे मॉडेल येते. आदल्या दिवशीपर्यंत मिरवण्याजोगा असलेला फोन नव्याच्या घोषणेने एका दिवसात ‘जुना’ होतो. फोन तोच, तितकाच चालणारा. जुने झालो ते आपण, असे वाटायला लावले जाते.

‘शून्य टक्के व्याज’ या घोषणेबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते की अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा नाकारलेल्या सवलतीच्या रूपाने वसूल होतच असते. घोषणा मात्र नवे नाव घेऊन सुखाने नांदते आहे.

ऑनलाइन खरेदीत तर लाजवण्याचे यंत्रच बसवलेले आहे. विमानाचे तिकीट काढताना विम्याला नाही म्हणायचे असेल, तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. ‘नाही’ म्हणणाऱ्याला शरमिंदे करणे ही त्यांतली एक, आणि ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे ही दुसरी. म्हणजे माणसाला लाजवून माल खपवणे हा अनुचित व्यवहार आहे, हे आता कागदोपत्री मान्य झाले आहे. आम्ही एवढेच विचारतो: पडद्यावरच्या बटणाला जे लागू, ते जाहिरातीतल्या रडक्या चेहऱ्याला आणि वर्गातल्या टवाळीला का लागू नाही?

५. आम्ही कशाच्या विरोधात नाही

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘साधे राहा, आहे त्यात समाधान माना’ असा उपदेश आम्ही करत नाही. असा उपदेश बहुधा ज्याचे पोट भरलेले असते तो उपाशी माणसाला करतो, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात तो जातीच्या नावाने शेकडो वर्षे झाला आहे. कोणी कोणता कपडा घालायचा, कोणता दागिना घालायचा नाही, हे इथे गावाने ठरवले होते. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की अस्पृश्यतेची खूण बनलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या, नीटनेटके नेसा. नीट कपडे घालणे हा त्यांच्यासाठी चैनीचा विषय नव्हता, हक्काचा होता. सुटाबुटातला बाबासाहेबांचा पुतळा गावोगाव उभा आहे, तो याच अर्थाने. पहिल्या पगारातून चांगला शर्ट घेणाऱ्या पोराला कोणी ‘दिखाऊ’ म्हणत असेल, तर आम्ही त्या पोराच्या बाजूने आहोत.

याच परंपरेत दुसरे टोकही आहे. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी भरलेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेल्या मंडळींसमोर त्यांनी रयतेची अवस्था सांगितली. त्याआधी ११ वर्षे, १८७७ च्या दिल्ली दरबाराला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून हजर होते. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये लावलेल्या पहिल्या विवाहात पानसुपारीपलीकडे खर्च नव्हता.

एका ठिकाणी चांगले कपडे घालण्याचा आग्रह, दुसऱ्या ठिकाणी साधेपणाचा. या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: काय घालायचे हे माणसाने स्वतः ठरवले, आणि त्यामागे मान मागण्याची भाषा होती, मान विकत घेण्याची नव्हती. महाडच्या स्त्रियांनी समाजाकडे मान हक्काने मागितला. आज त्याच मानाची दुकानात किंमत लावली आहे, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला पुन्हा वेशीबाहेर उभे केले आहे. सूट घालून मुलाखतीला गेलेल्या मुलाला आडनाव विचारले जातेच. म्हणजे विकत घेतलेला मान खऱ्या मानाची जागा घेत नाही हेही रोज सिद्ध होते.

वस्तू जितकी चांगली आणि टिकाऊ, तितकी तिची किंमत द्यावी. कंपनीच्या नावावर भरवसा ठेवून औषध, हेल्मेट, गॅसची शेगडी घेणे हा शहाणपणा आहे. त्या नावाने वस्तूची हमी द्यावी. माणसाची हमी देण्याचे काम त्याचे नाही.

६. यावर उतारा आहे, आणि तो फुकट आहे

लॅन गुयेन चॅपलिन आणि डेबोरा रॉएडर जॉन या दोन संशोधकांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ८ ते १८ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास मुलांचा स्वतःवरचा भरवसा घसरतो आणि त्याच वेळी वस्तूंची ओढ वाढते, हे त्यात दिसले. त्याच अभ्यासात त्यांनी एक साधा प्रयोग केला. शिबिरातल्या सोबत्यांनी त्या मुलाबद्दल लिहिलेले चार चांगले शब्द त्या मुलाच्या हाती दिले. एवढ्याने मुलांची वस्तूंची ओढ ओसरली. आपल्याला सुखी करणाऱ्या गोष्टी निवडताना त्यांनी वस्तूंकडे कमी हात नेला.

कोणाला भाषण दिले नव्हते, चंगळवादावर निबंध लिहायला लावला नव्हता. सोबत्यांनी चांगले म्हटले, इतकेच. ज्या सोबत्यांकडून वसुली होते त्याच सोबत्यांकडून माफीही होऊ शकते, हा त्याचा अर्थ. आमच्या चळवळीचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे. कंपन्यांची तिजोरी आमच्याकडे नाही. पण शेवटी ज्या चारचौघांच्या भीतीने माणूस खरेदीला धावतो, ते चारचौघे आपणच आहोत.

७. आमच्या प्रतिज्ञा

१) कोणाच्याही रंगावर, चांगल्या हेतूनेही, बोलणार नाही. ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार आहे. बाळाच्या रंगाची चौकशी बंद.

२) कोणाची वस्तू खरी की नकली हे चारचौघांत तपासणार नाही, आणि तपासणाऱ्याच्या हसण्यात सामील होणार नाही.

३) नव्या वस्तूबद्दल ‘कुठल्या कंपनीची?’ याआधी ‘कशी चालते?’ हे विचारू. वस्तूचे कौतुक करताना निवडणाऱ्याच्या नजरेचे करू, किमतीचे नाही.

४) वॉचमन, डिलिव्हरीवाला, रुग्ण, गिऱ्हाईक, कोणाशीही बोलताना ‘तुम्ही’ की ‘तू’ हे कपड्यांवरून ठरवणार नाही. आमच्यातले दुकानदार आणि सेल्समन हे सर्वांत आधी पाळतील.

५) लग्नात मानपानाच्या याद्या करणार नाही. आहेराच्या पिशवीवरचे दुकानाचे नाव वाचणार नाही. कोणाच्या मांडवातल्या उणिवा घरी येऊन मोजणार नाही.

६) घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारू: हे कोणी पाहणारच नसते, तर मी घेतले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घेऊ आणि मजेत वापरू. ‘नाही’ असेल तर निदान त्यासाठी हप्ता लावणार नाही.

७) शिंप्याकडून अल्टर केलेले, रफू केलेले, मोच्याकडून तळ बदललेले, थोरल्याचे धाकट्याला आलेले उघडपणे वापरू आणि सांगू. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

८) घरातल्या आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्याच्यातली एखादी खरी, पाहिलेली चांगली गोष्ट नावानिशी सांगू. मार्कांबद्दलची नव्हे, कपड्यांबद्दलचीही नव्हे. एखाद्या लाजऱ्या मुलाने दुसऱ्याला पेन्सिल दिली, तीही चालेल.

८. आमच्या मागण्या

१) त्वचा गोरी करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा मांडला होता. त्यातली ही तरतूद कायद्यात उतरली पाहिजे. ‘तेज’ आणि ‘निखार’ यांच्या आडून तोच दावा करण्यालाही ती लागू हवी.

२) मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणाऱ्या जाहिराती नकोत असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हाच नियम मोठ्यांसाठीच्या जाहिरातींनाही लावा. कोणाला कमी दाखवून माल विकणे ही दिशाभूल माना.

३) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड सांगतो. जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही तो लागू आहे. तो लावताना दिसला पाहिजे.

४) हप्त्याच्या प्रत्येक जाहिरातीत मासिक हप्त्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, शुल्कासह एकूण किती पैसे जाणार ते छापा.

५) शाळांनी गणवेशाचा रंग आणि बुटांचा प्रकार सांगावा. कंपनी आणि दुकान सांगू नये. शाळेत वाढदिवसाच्या नावाने वस्तूंचे प्रदर्शन थांबवावे.

६) वर्तमानपत्रे, विवाह मंडळे आणि वधू-वर मेळावे यांनी छोट्या जाहिरातींतून आणि फॉर्मवरून वर्णाचा रकाना काढावा. एका मोठ्या संकेतस्थळाला २०२० मध्ये हे जमले. मग मंडळाच्या छापील अर्जाला का जमू नये?

९. चळवळ कशी चालेल

या चळवळीला आम्ही नाव दिलेले नाही. नाव दिले की चिन्ह येते, चिन्ह आले की टी-शर्ट येतो, आणि टी-शर्ट आला की ज्याच्याकडे तो नाही तो कमी ठरतो. वर्गणी नाही, सदस्यपत्र नाही, मिरवायला बिल्ला नाही.

काम मात्र आहे, आणि ते गटाने करायचे आहे. एकट्याने साधे बूट घातले तर तो वर्गात चिडवला जातो. दहा जणांनी ठरवून घातले तर चिडवणाराच एकटा पडतो. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हजारो कुटुंबांना एकत्र आणून महिन्याचा किराणा सामूहिक पद्धतीने घरपोच दिला. भाव आणि दर्जा गटाने तपासता येतो हे तिने दाखवून दिले. तुलनेचा तापही तसाच गटाने उतरवता येईल. म्हणून दहा घरे, एक वर्ग, एक ऑफिस किंवा एक चाळ असा गट करा. वरच्या आठ प्रतिज्ञांपैकी ज्या पटतात त्या एकमेकांसमोर मोठ्याने वाचा. महिन्यातून एकदा भेटा. दुरुस्त करण्याजोग्या वस्तू आणा, कर्जाचे कागद आणा, शरमिंदे करणाऱ्या ॲपच्या पडद्याचे फोटो आणा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तिथल्या तिथे तक्रार नोंदवा. तक्रार कशी करायची हे ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसावे.

दरवर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, गटांनी आपापल्या गावात उघड सभा घ्यावी. ग्राहक म्हणजे फक्त वजनमाप तपासणारा आणि पावती मागणारा नव्हे. त्याचा स्वाभिमान हाही त्याच्या हक्कांत मोडतो, ही मागणी त्या सभेतून गेली पाहिजे.

आमच्यावर हसणारे असतील. ब्रँडेड बूट घालून कोणी सभेला आला तर त्याला दारात अडवणार का, असे विचारतील. अडवणार नाही. त्याच्या बुटांकडे पाहणारही नाही, आणि त्याला ते ताबडतोब जाणवेल.

बाजाराला त्याच्या वस्तूंचे पैसे मिळतील. लागतील तेवढ्या वस्तूंचे, आणि ठरलेल्या भावाने. माणसाच्या मानाचा भाव तिथे लागणार नाही, कारण तो लावून देणारे आम्हीच होतो आणि आम्ही ते काम सोडले आहे. तुम्हीही सोडा. उद्या सकाळी जो पहिला माणूस भेटेल त्याच्यापासून सुरुवात करा.